अठ्ठावन्न सेकंद शिल्लक

गेल्या मार्चमधला बुद्धिबळाचा एक ऑनलाइन डाव माझ्या डोक्यातून जात नाही. तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंद, म्हणजे आपलं तीन-दोन. समोरच्याच्या नावापुढं स्पेनचा झेंडा. मी पांढऱ्या बाजूनं, एका प्याद्यानं वरचढ, दोघांकडं एकेक हत्ती आणि माझ्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद. त्या वेळी मी पटावरच्या ए२ या घरातलं प्यादं ए३ वर सरकवलं. त्याचं प्यादं ए४ वर होतंच, त्यामुळं ती बाजू गच्च झाली. चाल सेकंदभरात केली. बिघडत तर काही नाही, वेळ वाचतोय, एवढाच विचार. मग हत्ती बदलले (एकमेकांचे मारले), तेही तितक्याच झटक्यात. पुढच्या काही चालींनंतर उरलं ते असं: माझा राजा जी५, प्यादं जी४, त्याचा राजा जी७. आणि चाल माझी.

ज्यांना एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) येतो त्यांना पुढचं सांगायला नको. चाल त्याची असती तर त्याच्या राजाला बाजूला व्हावं लागलं असतं आणि मी जिंकले असते. चाल माझी होती म्हणून मला सरकावं लागलं, तो प्रत्येक वेळी माझ्या राजासमोर येऊन उभा राहिला आणि डाव बरोबरीत गेला. ए२ वरचं प्यादं जागेवर असतं तर नेमकं त्या क्षणी ए३ खेळून चाल त्याच्या गळ्यात टाकता आली असती. ती हातची चाल मी आधीच उधळून बसले होते. डाव संपला तेव्हा माझ्या घड्याळात ५८ सेकंद शिल्लक होते.

अठ्ठावन्न सेकंद म्हणजे ब्लिट्झमध्ये, अशा झटपट डावांत, केवढी मोठी रक्कम, हे खेळणाऱ्यालाच कळेल. त्यातले दहा जरी मी हत्ती बदलण्याआधी खर्च केले असते तरी डाव माझा होता. त्या रात्री झोप आली नाही.

थोडं माझ्याबद्दल सांगते. मी सोलापूरची, वय ३८. बुद्धिबळ बाबांनी शिकवलं. ते गिरणीत होते. रविवारी त्यांचे मित्र ओट्यावर जमायचे, मधे किल्लीचं घड्याळ, पाच-पाच मिनिटांचे डाव आणि नियम एकच, हरला तो उठला. मी दहा वर्षांची असताना मलाही त्या रांगेत बसवलं. विश्वनाथन आनंदनंही लहानपणी चेन्नईच्या क्लबात असंच खेळून हात तयार केला, हे पुढं वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्या घड्याळावर खराखुरा तांबडा फ्लॅग असायचा. काटा बाराजवळ आला की तो हळूहळू उचलला जायचा आणि वेळ संपली की पडायचा. आता पडद्यावर नुसते आकडे पळतात, तरी आपण 'फ्लॅग पडला' असंच म्हणतो.

पुढं राज्य पातळीवर बरीच वर्षं खेळले. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, क्लासिकल (संथ डावांचं) रेटिंग २०६१ आहे आणि कित्येक वर्षं तिथंच आहे. (मार्च २०२४ मध्ये फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग सूत्रानं वर ओढलं. माझं २००० च्या वर असल्यामुळं जसंच्या तसं राहिलं.) नोकरी, लग्न, लेक, यात स्पर्धा सुटल्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर खातं उघडलं आणि पुन्हा खेळायला लागले. काही महिन्यांत ब्लिट्झ २१५० ला पोचलं आणि तिथंच रुतून बसलं. कित्येक वर्षं. वीस वर, तीस खाली, परत तिथंच.

या टप्प्यावरच्या माणसाला सल्ले मिळतात ते सगळे नवशिक्याचे असतात. कोडी सोडव, ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) पाठ कर. मी दोन्ही केलं. सहा महिने रोज चाळीस कोडी सोडवली. कोड्यांचं रेटिंग चढलं, ब्लिट्झ हललं नाही. कारण कोडं सोडवताना 'इथं काहीतरी आहे' हे आधीच माहीत असतं. डावात ते कोण सांगणार?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅच बघते. आकडे जुळत नसले की मला चैन पडत नाही. त्या मार्चमधल्या डावानंतर शेवटी मी तेच केलं जे ऑफिसात करते. हरलेले १२० डाव उतरवून घेतले. लिचेसवरून डाव घेतला की प्रत्येक चालीपुढं घड्याळात किती वेळ उरला होता तेही येतं. ते सगळं एक्सेलमध्ये भरलं, एक रकाना चालीचा क्रमांक, एक रकाना खर्च झालेल्या सेकंदांचा. दोन रविवार गेले. नवऱ्यानं जेवण केलं, लेकीनं काही आकडे वाचून दाखवले.

निघालं ते असं. १२० पैकी ४७ डाव मी वेळ संपून हरले होते आणि त्यातल्या २९ डावांत पटावर मी वरचढ किंवा बरोबरीत होते. हे थोडंफार अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. नवव्या ते सोळाव्या चालीत, आठ चालींत, मी सरासरी ६८ सेकंद घालवत होते. आणि बाकीच्या ७३ डावांत ज्या चालीनं डाव गेला, ती चाल निम्म्याहून जास्त वेळा मी दोन सेकंदांच्या आत केली होती.

म्हणजे मी हळू खेळते ही तक्रारच चुकीची होती. नको तिथं उधळपट्टी आणि हवं तिथं चिक्कूपणा, असा माझा सगळा कारभार होता.

नऊ ते सोळा या चालींत काय असतं ते परत परत बघितलं. पाठ असलेलं ओपनिंग संपलेलं असतं, मोहरे बाहेर आलेले असतात, किल्लेकोट झालेला असतो. प्रश्न असतो, राजाकडचा हत्ती ई१ वर की वजिराकडचा डी१ वर? एच३ आत्ता की पुढच्या चालीला? माझ्यासारखीला दोन्ही चाली दिसतात, दोन्ही चांगल्या आहेत हेही कळतं आणि इथंच पाय अडकतो. नव्वद मिनिटं अधिक तीस सेकंदांच्या डावात तुलना करत बसणं हीच शिस्त, वर्षानुवर्षं तेच अंगात मुरवलेलं. पण तीन मिनिटांत त्या दोन चालींतला फरक संगणकाच्या इंजिनालासुद्धा जेमतेम दिसतो. त्यासाठी मी चौदा सेकंद देत होते. खेळ जितका जास्त कळतो तितका हा अडकायचा धोका मोठा, असं आता माझं ठाम मत आहे. कमी कळणाऱ्याला एकच चाल दिसते, तो ती खेळून मोकळा होतो.

कारखान्यात चेकिंग-फोल्डिंगला एक अक्का आहेत. बावीस वर्षं हेच काम. टॉवेल हातात येतो, फिरतो, घडी होऊन गठ्ठ्यावर जातो, आणि मधेच एखादा बाजूला पडतो. त्यात हमखास सुटलेला लूप असतो किंवा किनार वाकडी असते. मी त्यांना विचारलं, एवढ्या वेगात दिसतं कसं? त्या म्हणाल्या, "सगळीकडं बघत बसलं तर दिवसाला शंभर पण होत नाहीत गं. हात अडकला की मग बघायचं." त्यांचा हात आपोआप अडकतो. माझा अडकत नव्हता, ए३ खेळताना नाही आणि हत्ती बदलतानाही नाही. टॉवेलमधले दोष ठरावीक असतात, आठ-दहा प्रकारचे, आणि अक्कांच्या बोटांना ते पाठ आहेत. तर माझे किती प्रकारचे आहेत, हे बघायला मी पुन्हा त्या ७३ डावांकडं गेले.

चारच निघाले. प्याद्यांची अशी मारामारी, जिच्यानंतर रचना कायमची बदलते. माझ्या राजासमोरचं प्यादं मीच हलवणं. शेवटचे मोठे मोहरे बदलून नुसत्या प्याद्यांच्या डावात उतरणं. आणि समोरच्यानं मी धरलीच नव्हती अशी चाल करणं. या चार ठिकाणी मी आता माउसवरचा हात उचलते. खरोखर उचलते, मांडीवर ठेवते. दहा सेकंद, वाटलं तर वीस. बाकी सगळीकडं जी चाल पहिल्यांदा सुचली आणि जिच्यात मोहरा फुकट जात नाही, ती खेळते. प्यादं मागं घेता येत नाही आणि बदललेला हत्ती परत पटावर येत नाही. वेळ द्यायचा तो अशा चालींना. ई१ वर ठेवलेला हत्ती पुढच्या चालीला डी१ वर नेता येतो.

हे लिहायला चार ओळी लागल्या, अंगवळणी पडायला पाच महिने. पहिल्या महिन्यात रेटिंग ९० नं घसरलं, कारण पहिली सुचलेली चाल खेळताना मनात सारखी धाकधूक. हळूहळू विश्वास बसला की इतक्या वर्षांचं खेळणं हातात उतरलेलं आहे.

ओपनिंगही बदलली. काळ्याकडून माझी आयुष्यभराची आवड नायडॉर्फ ही ओपनिंग. पण तिच्यात एक चाल चुकली की डाव संपतो आणि प्रत्येक वळणावर नेमकं आठवावं लागतं. जड मनानं ती क्लासिकलसाठी राखून ठेवली आणि ब्लिट्झला कारो-कान धरली. पांढऱ्याकडून वजीर-गँबिटमधली एक्स्चेंज. यात एक गंमत आहे. वजीर-गँबिटच्या एक्स्चेंजमधून येते ती प्याद्यांची कार्ल्सबाड रचना. तिथं पांढऱ्याची योजना ठरलेली, हत्ती बी१ वर, मग बी४, ए४, बी५ आणि काळ्याच्या सी६ वरच्या प्याद्यावर घाव. कारो-कानच्या एक्स्चेंजमध्ये तीच रचना उलट्या रंगानं येते आणि तोच बी-प्याद्याचा हल्ला काळ्याकडून करता येतो. म्हणजे दोन्ही रंगांत एकाच रचनेचा रियाज. नऊ ते सोळा चालींचा खर्च सगळ्यात जास्त यामुळं कमी झाला, असं आकडे सांगतात.

प्रीमूव्हबद्दल थोडं. आपली पाळी यायच्या आधीच चाल लावून ठेवायची सोय. लिचेसवर तिला वेळ लागत नाही, पण एका वेळी एकच लावता येते. चेस डॉट कॉमवर ओळीनं लावता येतात आणि प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग जातो. मी फक्त तीच चाल लावते जी समोरच्यानं काहीही केलं तरी मला चालेल, किंवा जिथं मारामारीत परत मारणं सोडून दुसरं काही नाहीच. सुरुवातीच्या चालींत तर अजिबात नाही. एकदा डी४ ला जी६ खेळून उंट जी७ वर आधीच लावून ठेवला होता. त्यानं दुसऱ्या चालीला उंट थेट एच६ वर आणून ठेवला. मी बघत असते तर तो फुकट मारला असता. पण माझा उंट आपोआप जी७ वर गेला, त्यानं तो मारला आणि वर कोपऱ्यातल्या हत्तीवर येऊन बसला. वाचवला होता एक सेकंद.

एंडगेम मला येतो, पण वहीत येणं आणि दहा सेकंदांत येणं वेगळं. म्हणून लेकीला बसवते. ती नऊ वर्षांची आहे. पटावर हरणारी बाजू तिची, माझ्या घड्याळात तीस सेकंद, वाढीव वेळ नाही. वजिरानं मात पंधरा सेकंदांत, हत्तीनं मात तीस सेकंदांत. मग लुसेना, म्हणजे हत्ती-प्याद्याच्या एंडगेममधली एक ठरलेली स्थिती. माझा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१, तिचा राजा ई७ आणि हत्ती एच२. हत्ती एफ४ वर नेऊन पूल बांधायचा. तिनं हत्ती एच१ वर नेला की ई४ वरून शह. राजा डी७ ला गेला की माझा राजा एफ७, मग शह चुकवत जी६, एफ६, जी५, आणि शेवटचा शह आला की हत्ती जी४ वर मधे घालायचा. (ही स्थिती लुसेनाच्या नावानं ओळखतात, पण त्याच्या पुस्तकात ती नाहीच. सापडते ती सतराव्या शतकात दुसऱ्याच्या पुस्तकात.) पहिल्या आठवड्यात एफ४ ला हत्ती न्यायलाच मला चार सेकंद लागले. लेक म्हणाली, "आई, किती विचार करलालीस गं, कालच तर केलं हे." आता हात आपोआप जातो.

मी तीन-शून्य (वाढीव सेकंद नसलेलं) सोडून तीन-दोन धरलं ते याच कारणासाठी. तीन-शून्यमध्ये शेवटी माउसचा वेग जिंकतो, एंडगेमची समज पटावर येतच नाही. जागतिक ब्लिट्झ स्पर्धा तीन-दोननंच खेळतात, त्याला अर्थ आहे. ज्याला नुसती मजा हवी त्यानं काहीही खेळावं, पण पक्क्या खेळाडूला पुढं जायचं असेल तर त्याच्याकडं जे जास्त आहे ते वापरायला मिळेल असाच वेळ निवडावा.

वय आड येतं का, असं मला खूप जण विचारतात. आनंदनं २०१७ मध्ये रियाधला जागतिक रॅपिड (जलद बुद्धिबळ) स्पर्धा जिंकली तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. कोनेरू हंपीनं २०१९ मध्ये मॉस्कोला जिंकली, मुलगी लहान असताना, आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला परत. ती माझ्याच पिढीची, म्हणून तिचे डाव मी जास्त मनापासून बघते. २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं तिला हरवलं, तेही रॅपिडच्या टायब्रेकमध्ये. त्या दिवशी कारखान्यात डबा तसाच ठेवून मी मोबाइलवर डाव बघत होते. दोघींसाठी जीव टांगणीला लागला होता. दिव्या जिंकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि हंपीसाठी वाईटही वाटलं.

वय आड येतं ते थकव्यातून. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असतो, रात्री दहालाही खोली भट्टीसारखी, माउस घामानं निसटतो. तेव्हा टर्किश टॉवेलचा एक तुकडा माउसच्या बाजूला ठेवते. लाइट गेली तरी नेट जाऊ नये म्हणून राउटरला छोटा बॅकअप लावलाय. नेट अडखळलं तर लिचेस थोडी भरपाई देतं, पण सगळी नाही. आणि नळाला पाणी यायचा दिवस असेल तर मी खेळतच नाही. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी कधी रात्री अकराला येतं, कधी पहाटे. एक कान मोटारीकडं ठेवून ब्लिट्झ होत नाही, हे सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात अवघड गेलं ते उठणं. दोन डाव ओळीनं हरले की माणूस इरेला पेटतो. आणखी एक, एवढा भरून काढते, असं करत साडेबारा वाजतात आणि सत्तर पॉइंट जातात. माझ्या एक्सेलमध्ये हेही दिसलं. ओळीनं दोन हरल्यानंतरच्या तिसऱ्या डावात माझ्या चालींचा वेग वाढलेला असायचा आणि चुकाही. आता रात्री सहाच डाव. लागोपाठ दोन हरले तर तिथंच लॅपटॉप बंद, आणि हरलेला डाव दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत, इंजिन न लावता, आधी स्वतःच्या डोक्यानं बघायचा. बाबांच्या ओट्यावर हरला तो उठायचा, त्याला रांगेत बसून दुसऱ्यांचे डाव बघावे लागायचे. तेवढ्यात डोकं थंड व्हायचं. घरी एकटीनं खेळताना ती रांग नाही, म्हणून ती मी लावून घेतली.

आज रेटिंग २२८७ आहे, मधे २३११ ला शिवून आलं. नऊ ते सोळा चालींचा खर्च ६८ वरून ४१ सेकंदांवर आलाय. गेल्या महिन्यात परत साठ हरलेले डाव भरले, तर नवीनच भोक दिसतंय, पंचविसाव्या चालीच्या आसपास. वजीर बदलल्यानंतर लगेच, जणू डाव संपलाच अशा थाटात मी चार-पाच चाली भराभर करते. हा पाचवा प्रकार धरायचा की हत्ती बदलण्याच्या प्रकारातच मोडतो, ते अजून ठरलं नाही. पुढच्या महिन्यात पुण्यात एक रॅपिड स्पर्धा आहे, पंधरा-दहाची. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून लेकीला घेऊन जाणार आहे. पंधरा वर्षांनी खऱ्या पटावर. तोवर हे तपासून व्हायला हवं.

आज मंगळवार. उद्या पहाटे पाणी येईल असं शेजारच्या काकू सांगून गेल्यात, तेव्हा आज चारच डाव.